हरलेल्या संघाचा मोसम

सदाशिव पेठेत क्रिकेटवर बोलायला क्रिकेट खेळता यावं लागत नाही. टिळक रोडवर स. प. महाविद्यालयाच्या आसपास कुणालाही गाठा, मत मिळेल. न मागताच मिळेल! पण गंमत सोडा, महाराष्ट्राच्या क्रिकेटवर आमच्या पेठेचा थोडा हक्क आहेच. प्रा. दि. ब. देवधर याच कॉलेजात संस्कृत शिकवायचे आणि त्यांच्याच नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. जुन्या मंडळींच्या गप्पा या दोन वर्षांपाशी येऊन थांबतात. मला मात्र नंतरच्या एका मोसमाची जास्त ओढ वाटते. त्या मोसमात आपण काहीच जिंकलं नाही. साल १९४८-४९.

काळ कसा होता ते आठवा. महायुद्ध संपून तीन वर्षं झालेली, स्वातंत्र्य मिळून जेमतेम एक. १९४८ च्या जानेवारीअखेर गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतरची जाळपोळ पुण्याने पाहिली होती. संस्थानं एकेक करून विलीन होत होती. अशा वर्षाच्या शेवटी, १६ डिसेंबरला, पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड हा सामना सुरू झाला.

काठियावाड २३८ धावांत आटोपलं. मग कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर खेळायला आले. चारच दिवसांपूर्वी त्यांना एकोणतीस वर्षं पूर्ण झाली होती. कमल भांडारकरांनी २०५ धावा केल्या आणि दोघांनी मिळून दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावांची भागीदारी केली. तिसऱ्या दिवशी मध्यंतरात फलक होता: महाराष्ट्र ४ बाद ८२६, निंबाळकर नाबाद ४४३. ब्रॅडमनचा १९३० सालचा नाबाद ४५२ चा जागतिक विक्रम मोडायला फक्त दहा धावा हव्या होत्या. म्हणजे दोन-तीन षटकांचं काम!

काठियावाडचे कप्तान होते राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांचं राज्य त्याच वर्षी सौराष्ट्राच्या संघराज्यात विलीन झालं होतं. ते म्हणाले, आम्ही सामना सोडतो. विक्रमाच्या पुस्तकात आपल्या संघाचं नाव अशा रीतीने लागू नये, असं त्यांना वाटलं म्हणे. संघ निघून गेला आणि निंबाळकर ४४३ वर कायमचे नाबाद राहिले.

ब्रॅडमनचा विक्रम पुढे १९५९ मध्ये हनीफ महंमदने ४९९ करून मोडला आणि हनीफचा १९९४ मध्ये ब्रायन लाराने नाबाद ५०१ करून. पण रणजीतली सर्वोच्च खेळी आजही निंबाळकरांचीच आहे. त्याच मोसमात वेस्ट इंडीजचा संघ भारतात पाच कसोटी खेळून गेला. निंबाळकरांना त्यातली एकही मिळाली नाही, आणि नंतरही अधिकृत कसोटी त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. २०१२ च्या डिसेंबरात, त्र्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ते गेले.

ही गोष्ट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकली असेल. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि ५ मार्चला पुण्यात महाराष्ट्र-मुंबई उपांत्य सामना सुरू झाला. निकाल लागेपर्यंत खेळायचं, अनिर्णित ही भानगडच नाही, असा तेव्हाचा नियम. मुंबईने ६५१ केल्या, त्यात माधव मंत्रींच्या २००. महाराष्ट्राने ४०७ चं उत्तर दिलं. आता २४४ ची आघाडी असताना मुंबईने डाव लवकर सोडावा की नाही? पण वेळेचं बंधन नसल्यावर घाई कुणाला? त्यांनी पुन्हा ८ बाद ७१४ केल्या. उदय मर्चंट यांनी १४३ आणि १५६ काढल्या, दत्तू फडकरांनी १३१ आणि १६०. हे फडकरही मूळचे कोल्हापूरचेच, बरं का!

महाराष्ट्रापुढे लक्ष्य होतं ९५९ धावांचं. नऊशे एकोणसाठ! १३६५ धावा अंगावर घेतलेला, उन्हात भाजून निघालेला संघ. सामना सोडायला ठाकोरसाहेबांपेक्षा सबळ कारण होतं. पण कुणी गेलं नाही. पहिल्या डावात दातारांच्या १४३ आणि रेग्यांच्या १३३ होत्या. दुसऱ्या डावात एस. डी. देवधरांनी १४६ काढल्या आणि रेग्यांनी पुन्हा शतक ठोकलं. ११ मार्चला, सातव्या दिवशी, महाराष्ट्र ६०४ वर सर्वबाद झाला. मुंबई ३५४ धावांनी जिंकली आणि पुढे बडोद्याला हरवून करंडकही घेऊन गेली.

त्या सात दिवसांत २३७६ धावा झाल्या आणि नऊ शतकं लागली. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतक्या धावा जगात दुसरीकडे कधीच झालेल्या नाहीत. आणि चौथ्या डावात ६०४ करून हरलेला संघही हा एकच.

ठाकोरसाहेबांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. ५८८ धावांनी मागे पडल्यावर आणखी किती चेंडू आणायचे, असं त्यांच्या खेळाडूंनाही वाटलंच असणार. पण आपल्या नावाला बट्टा लागू नये म्हणून ते निघून गेले, आणि आज काठियावाडच्या त्या संघाची आठवण निघते ती तेवढ्यासाठीच. महाराष्ट्राचा संघ मैदानात थांबला, रीतसर हरला, आणि त्याच्या हरण्याचीसुद्धा नोंद झाली.

पेठेत आम्ही निंबाळकरांच्या हुकलेल्या दहा धावांबद्दल अजून हळहळतो. हळहळावंच. पण पोरांना या मोसमाची गोष्ट सांगाल तेव्हा डिसेंबरपाशी थांबू नका, मार्चही सांगा.