प्रकाशीय पथलांबी (किरण अनुरेखन)

प्रकाशीय पथलांबी म्हणजे प्रकाशकिरणाने एखाद्या माध्यमात कापलेले भौमितिक अंतर आणि त्या माध्यमाचा अपवर्तनांक यांचा गुणाकार होय. एकवर्णी प्रकाशाच्या तरंगाग्राला माध्यमातील ते अंतर कापण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात ते निर्वातात किती दूर गेले असते, हे या राशीवरून समजते. भिंगे, आरसे व दुर्बिणी यांच्या आराखड्यासाठी वापरल्या जाणाऱ्या किरण अनुरेखन, म्हणजेच रे ट्रेसिंग, सॉफ्टवेअरमध्ये ती प्रत्येक किरणासाठी मोजली जाते. किरण प्रतिमेच्या जागी पोहोचतात की नाही हे त्यांच्या दिशेवरून कळते. ते एकाच कलेत पोहोचतात की नाही हे मात्र पथलांबीवरूनच कळते.

उदाहरण

१० मिलिमीटर जाडीच्या व १.५ अपवर्तनांकाच्या काचेतून लंब दिशेने जाणाऱ्या किरणाची प्रकाशीय पथलांबी १५ मिलिमीटर असते. निर्वातात तेवढेच अंतर कापणाऱ्या किरणाशी त्याचा पथफरक ५ मिलिमीटर होतो. ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशासाठी हा फरक १०,००० तरंगांइतका आहे.

मोजण्याची पद्धत

सॉफ्टवेअरमध्ये किरणाचे स्थान, दिशा व तरंगलांबी नोंदलेली असते. किरण पुढच्या पृष्ठभागाला कोठे छेदतो हे काढून तेथपर्यंतच्या अंतराला अपवर्तनांकाने गुणले जाते आणि तो गुणाकार आधीच्या बेरजेत मिळवला जातो. त्यानंतर स्नेलच्या नियमाने किंवा परावर्तनाच्या नियमाने नवी दिशा ठरते व हीच क्रिया पुन्हा होते. अपवर्तनांक जागोजागी बदलणाऱ्या माध्यमात बेरजेऐवजी संख्यात्मक संकलन करावे लागते. विवर्तन जाळीवर पडणाऱ्या किरणासाठी जाळीमुळे होणारा कलाबदलही स्वतंत्रपणे मिळवावा लागतो.

संदर्भपृष्ठ

एकट्या किरणाच्या पथलांबीपेक्षा किरणांमधील पथफरक महत्त्वाचा असतो. त्यासाठी सर्व किरणांची मोजणी एकाच तरंगाग्रापासून सुरू व्हावी लागते. वस्तू अनंत अंतरावर असल्यास किरणांना लंब असलेले प्रतल हे आरंभस्थान मानतात. शेवटी प्रतिमाबिंदू केंद्र असलेला संदर्भगोल घेऊन तेथपर्यंतची प्रत्येक किरणाची पथलांबी मुख्य किरणाच्या पथलांबीशी ताडून पाहिली जाते. सर्व किरण थेट सपाट प्रतिमाप्रतलापर्यंत मोजून त्यांची तुलना केल्यास येणारा फरक तरंगाग्राचा दोष दाखवतोच असे नाही.

अचूकता

रेलेच्या निकषानुसार तरंगाग्राचा कमाल दोष पाव तरंगलांबीच्या आत असल्यास प्रतिमा जवळजवळ निर्दोष मानली जाते. ५०० नॅनोमीटरसाठी ही मर्यादा १२५ नॅनोमीटर आहे. संगणकातील एकेरी अचूकतेच्या संख्येत सुमारे ७ दशांश अंक असतात. त्यामुळे १ मीटर पथलांबी नोंदताना ०.१ मायक्रोमीटरच्या आसपास फरक पुसला जाऊ शकतो. म्हणून सुमारे १५ ते १६ अंकांची दुहेरी अचूकता वापरतात. हवेचा अपवर्तनांक सुमारे १.०००२७ असल्याने हवा व निर्वात यांतील भेदही दुर्लक्षून चालत नाही: १ मीटर अंतरात तो ५०० नॅनोमीटरच्या ५०० हून अधिक तरंगांइतका होतो.

हबल दुर्बीण

पथफरकाचे महत्त्व १९९० साली अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीच्या बाबतीत स्पष्ट झाले. तिचा २.४ मीटर व्यासाचा मुख्य आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटर अधिक सपाट घासला गेला होता. आरसा तपासण्याच्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या अंतरावर बसवले गेले, हे त्याचे कारण होते. परावर्तनात प्रकाश हे अंतर जाताना व येताना असे दोनदा कापतो, म्हणून पथलांबीतील चूक पृष्ठभागाच्या चुकीच्या जवळजवळ दुप्पट झाली आणि ताऱ्यांच्या प्रतिमा पसरट दिसू लागल्या. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तितकाच पण उलट पथफरक निर्माण करणारी प्रकाशीय साधने बसवून हा दोष दूर केला.