अंडी उबवण्याच्या भट्ट्या आणि यंत्रे

खुडूक कोंबडीवाचून अंडी उबवण्याची कला इजिप्तमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षे चालत आली आहे. तेथे शेणखताच्या ढिगात अंडी पुरून पिल्ले काढतात, अशी नोंद इ. स. पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने केली आहे. पुढे या कामासाठी विटांच्या भट्ट्या आल्या. मधोमध अरुंद बोळ आणि दोन्ही बाजूंना दुमजली कोठड्या. खाली हजारो अंडी, तर वर शेण व भुशाचा धुमसता विस्तव. छतातली भोके उघडून-झाकून ऊब कमीजास्त केली जाई.

तापमापक नसलेल्या त्या काळात कारागीर अंडे पापणीला लावून ऊब अजमावत. अंडी एकाच कुशीवर राहिली तर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. म्हणून ती रोज हाताने फिरवली जात. निम्मी मुदत सरल्यावर विस्तव विझवत, कारण वाढत्या गर्भांची स्वतःची ऊबही आता कामी येई. ही विद्या ठरावीक घराण्यांत बापाकडून मुलाकडे जाई.

फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने या भट्ट्यांचे वर्णन करून १७४९ मध्ये पिल्ले काढण्याच्या कलेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. कुजत्या शेणखतात पिंपे पुरून त्यांत त्याने अंडी उबवून पाहिली आणि पापणीच्या जागी तापमापक आणला. आपोआप ऊब राखणारे, बाजारात चालणारे यंत्र मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आले. कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे १८७९ मध्ये लायमन बाइस व आयझॅक डायस यांनी असे यंत्र तयार केले, तर इंग्लंडमध्ये १८८१ मध्ये चार्ल्स हिअर्सनने. १९२० च्या दशकात अमेरिकेत विजेवरची यंत्रे आली.

कोंबडीच्या अंड्याला साधारण २१ दिवस आणि ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते. मोठ्या केंद्रांत अठराव्या दिवसाच्या सुमारास अंडी फिरवणे थांबवून ती वेगळ्या कपाटात हलवतात आणि तेथील हवेत ओलावा वाढवतात. पिल्लू आधी अंड्यातल्या हवेच्या पोकळीत चोच घालून श्वास घेते आणि मग चोचीवरच्या टोकदार दाताने कवच फोडते. पहिला तडा गेल्यावर बाहेर यायला त्याला बारा ते चोवीस तासही लागू शकतात. या अवधीत पापुद्र्यातले रक्त अंगात परतते व उरलेला बलक पोटात ओढला जातो. घाईने कवच सोलले तर रक्तस्राव होतो. वारंवार दार उघडले तर पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो.

पोटातल्या या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस दाणापाण्यावाचून तग धरते. म्हणूनच अमेरिकी टपाल खात्याला १९१८ पासून एक दिवसाची पिल्ले टपालाने पाठवू देता आली, आणि पिल्ले काढणे व ती वाढवणे हे दोन निराळे धंदे झाले.