‘मोर्तब सुद’पासून ‘जतन झाले’पर्यंत



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने संगणकाविषयी बोलावे, हे काहींना आगंतुकपणाचे वाटेल. यंत्राच्या अंतरंगात शिरण्याचा माझा अधिकार नाही. यंत्राच्या तोंडी जी भाषा घातली जाते, तिच्यापुरतेच मला बोलायचे आहे. संगणकावर मजकूर लिहिण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी जी आज्ञावली असते, तिला टेक्स्ट एडिटर म्हणतात. लिहिणारा आपल्या ओळीत गुंतलेला असतो आणि पडद्याच्या कडेला एक बारीकशी पट्टी त्याला सांगत असते, की मजकूर जतन झाला, झाला नाही, अक्षरे नव्याने भरली जात आहेत, की जुन्यांवर चढत आहेत. ही स्थितिदर्शक पट्टी नीट कळली नाही, तर दिवसभराचे लेखन क्षणात जाते. मग घरातली नवी पिढी म्हणते, ‘आजोबा, समोर लिहिलेले होते ना!’ समोर लिहिलेले होते हे खरे. पण काय लिहिले होते, हे कोणी तपासत नाही. ते तपासण्याचा हा प्रयत्न आहे.

मुरगावकरांना स्थितिदर्शक खुणांची ओळख करून द्यायला नको. बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर निळ्या चौकटीत पांढरा चौकोन असलेले निशाण चढले, की जहाज सुटण्याच्या बेतात आहे, सर्वांनी जहाजावर हजर व्हावे, असा अर्थ होतो. हेच निशाण भर समुद्रात मासेमारीच्या नौकेने चढवले, तर तिचे जाळे पाण्याखालच्या अडथळ्यात अडकले आहे, असा अर्थ घेता येतो. खूण एक, अर्थ दोन. कोणता घ्यायचा हे स्थळावर अवलंबून. पिवळ्या निशाणाची गोष्ट याहून विलक्षण आहे. पूर्वी ते रोगराईचे आणि विलगीकरणाचे निशाण मानले जाई. आजच्या आंतरराष्ट्रीय संकेतात तेच निशाण ‘माझे जहाज निरोगी आहे, बंदरात मोकळीक मिळावी’ असे सांगते. खलाशी गोंधळत नाहीत, कारण संकेतांचे पुस्तक त्यांच्या हाताशी असते. टेक्स्ट एडिटरपुढे बसणाऱ्या सामान्य माणसाच्या हाताशी असे काहीच नसते.

आपल्या लेखनपरंपरेत मजकुराची स्थिती सांगण्याची पद्धत फार जुनी आहे. शिवकालीन आणि पेशवेकालीन कागदपत्रे ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना ‘मोर्तब सुद’ ही अक्षरे परिचित असतील. मोर्तब म्हणजे पत्राच्या शेवटी उठवायची लहान मुद्रा. ‘सुद’ हे फारसी ‘शुद’चे मराठी रूप. त्याचा अर्थ ‘झाले’. पत्र लिहून संपले, मुद्रा उठली, आता यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, एवढे सगळे त्या दोन शब्दांत येते. शिवाजी महाराजांच्या मोर्तबेवर ‘मर्यादेयं विराजते’ असे कोरलेले होते. लेखनाची मर्यादा येथे आहे, असा त्याचा भाव. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘सुद’ हे भूतकाळी क्रियापद आहे. ‘मोर्तब करा’ आणि ‘मोर्तब झाले’ यांत कारकून कधी घोटाळा करू शकत नसे, कारण आज्ञा आणि स्थिती यांची रूपेच वेगळी होती. रघुनाथपंतांच्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्द हटवून संस्कृत शब्द सुचवले, तरीही हे परके शेपूट पुढे दीर्घकाळ टिकून राहिले. उपयोगाचे शब्द सहजासहजी जात नाहीत.

डिचोली आणि पेडणे हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज सत्तेखाली आले. पेडणे 1788 मध्ये. नव्या काबिजादीतल्या या भागात मोडी लिहिणारी, मराठीत हिशेब ठेवणारी माणसे होती आणि सरकारचा शेरा मात्र पोर्तुगीजमध्ये येई. अर्जाच्या कडेला ‘देफरीदु’ लिहिले असेल तर अर्ज मंजूर. ‘इंदेफरीदु’ असेल तर नामंजूर. एका उपसर्गावर माणसाचे भाग्य ठरे, आणि ज्याचे भाग्य ठरले त्याला तो उपसर्ग वाचता येत नसे. ‘विश्तु’ असा शेरा तर आणखी फसवा. त्याचा अर्थ ‘पाहिले’. पाहून काय ठरवले, याचा पत्ता नाही. पुढे 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला आणि कचेऱ्यांत इंग्रजी आली. आता गंमत अशी, की पोर्तुगीज ‘देफरीदु’ रोमन अक्षरांत इंग्रजी ‘डिफर्ड’शी जुळ्या भावासारखा दिसतो, आणि इंग्रजी शब्दाचा अर्थ आहे ‘पुढे ढकलले’. जुन्या कागदावरचा मंजुरीचा शेरा केवळ इंग्रजी जाणणाऱ्याने वाचला, तर त्याला अर्ज लांबणीवर पडलेला दिसावा. संगणक यायच्या कितीतरी आधी आपण या दुखण्याचे रोगी आहोत.

आता यंत्राकडे वळतो. 1969 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी ‘एड’ नावाचा टेक्स्ट एडिटर लिहिला. तो कमालीचा मितभाषी होता. तुमची आज्ञा त्याला कळली नाही, की तो एक प्रश्नचिन्ह उमटवी. चूक कोणतीही असो, उत्तर तेच. पुढच्या आवृत्त्यांत मजकूर जतन न करता बाहेर पडू पाहणाऱ्यालाही तेच प्रश्नचिन्ह दिसे. पुन्हा तीच आज्ञा दिली, की तो मजकुरावर पाणी सोडून मुकाट्याने बाहेर पडे. त्या काळी ही यंत्रे टंकयंत्रासारखी कागदावर सावकाश अक्षरे उमटवीत, त्यामुळे शब्द वाचवण्यात अर्थ होता. यंत्रे वेगवान झाल्यावरही तो तुटकपणा स्वभाव म्हणून शिल्लक राहिला.

याहून शिकवण्याजोगी कथा ‘ब्राव्हो’ या संपादकाची. बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी तो 1974 च्या सुमारास कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात घडवला. त्यात दोन अवस्था होत्या. एका अवस्थेत दाबलेली कळ मजकुरात अक्षर म्हणून उमटे, दुसरीत तीच कळ आज्ञा ठरे. आपण लिहिण्याच्या अवस्थेत आहोत असे समजून कोणी ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकलिखित केला, तर काय होई पाहा. ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने नवे लेखन सुरू होई आणि ‘टी’ हे एकच अक्षर कोऱ्या पडद्यावर उभे राही. बंदरातले निशाण भर समुद्रात वाचावे, तसा हा प्रकार. त्याच केंद्रातील लॅरी टेस्लर यांनी अशा अवस्थांविरुद्ध जन्मभर मोहीम चालवली. त्यांच्या मोटारीच्या पाटीवरही ‘नो मोड्स’ अशी अक्षरे होती. टिम मॉट यांच्यासह त्यांनी केलेल्या ‘जिप्सी’ या संपादकात कळ दाबली, की अक्षरच उमटे. 2020 मध्ये टेस्लर निवर्तले.

अवस्था मात्र निवर्तल्या नाहीत. 1976 मध्ये बिल जॉय यांनी केलेला ‘व्हीआय’ तर मुळात आपण कोणत्या अवस्थेत आहोत हे सांगण्याचीही तसदी घेत नसे. सांगावे असे वाटले, तर तशी वेगळी आज्ञा द्यावी लागे. मायक्रोसॉफ्टच्या ‘वर्ड’मध्ये 2003 च्या आवृत्तीपर्यंत खालच्या पट्टीत ‘ओव्हीआर’ ही तीन रोमन अक्षरे असत. ती ठळक झाली, की नवे अक्षर जुन्याला गिळत जाई. ज्यांनी त्या काळात टंकलेखन केले, त्यांना ही तीन अक्षरे मागाहून, म्हणजे परिच्छेद गिळला गेल्यावरच दिसत. 1995 च्या ‘विंडोज’ची एक सूचना तर भाषेच्या अध्यापकाने वर्गात न्यावी अशी आहे. आज्ञावली कोसळली, की पडद्यावर येई: या आज्ञावलीने ‘इल्लीगल’ कृत्य केले आहे. कित्येक सज्जनांना आता पोलिस येतील असे वाटले असल्यास नवल नाही.

मराठी पडद्यावर आली, तेव्हा या वारशासकट आली. पुण्यात 1988 मध्ये सी-डॅक स्थापन झाली, 1991 मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा प्रमाणसंकेत जाहीर झाला, आणि मराठी टंकलेखन घरोघरी जाऊ लागले. मात्र बाजारातले बहुतेक मराठी टंक आपापल्या खाजगी संकेतावर चालत. एका यंत्रावरचा मराठी लेख दुसऱ्यावर उघडला आणि तेथे तो टंक नसला, तर रोमन अक्षरांचा निरर्थक ढीग दिसे. स्थितिदर्शक पट्टीच्या दृष्टीने सारे सुरळीत असे. धारिका उघडली गेली होती, पाने मोजली गेली होती. युनिकोड रुळल्यावर हा उपद्रव बराच ओसरला.

उरला तो भाषेचा प्रश्न, आणि येथे मला मराठीच्या व्याकरणाची बाजू घ्यायची आहे. इंग्रजीत ‘ओपन’ हे क्रियापदही आहे आणि विशेषणही. ‘उघडा’ आणि ‘उघडे आहे’ हे दोन्ही त्यातून निघते. आपले अनुवादक सुटा शब्द सुटाच उतरवतात. मग मराठीची स्वतःची अडचण त्यात मिसळते. आपली आदरार्थी आज्ञा आकारान्त असते आणि कितीतरी नामे-विशेषणेही तशीच असतात. ‘उघडा’ ही आज्ञा, आणि ‘उघडा’ म्हणजे अंगावर वस्त्र नसलेला. ‘काढा’ म्हणजे पुसून टाका, आणि वैद्याचा काढाही. ‘जोडा’, ‘ठेवा’, ‘वाचा’ यांची तीच गत. महाराष्ट्रात एस.टी.च्या खांबावर ‘थांबा’ लिहिलेले असते. ती आज्ञा की स्थळाचे नाव, याचा निवाडा तेथे कोणी मागत नाही, कारण दोन्ही अर्थांनी प्रवासी उभाच राहतो. टेक्स्ट एडिटरमध्ये निवाडा लागतो. ‘बदल रद्द करायचे का?’ या प्रश्नाखाली ‘होय’ आणि ‘रद्द करा’ अशी दोन बटणे दिली, तर दुसऱ्या बटणाने बदल रद्द होतील, की रद्द करणेच रद्द होईल? तेथे ‘मागे फिरा’ किंवा ‘राहू द्या’ हे साधे शब्द का चालू नयेत, हे मला उमजलेले नाही. आणि ज्या मजकुरात बदल करण्याची मुभा नाही, त्यावर ‘केवळ वाचनीय’ अशी पाटी लावली, तर मराठी कान तिला अभिप्राय समजतो. माझ्या एकाही ग्रंथाला समीक्षकांनी एवढी निखळ प्रशस्ती दिली नव्हती.

वस्तुतः मराठीइतकी स्थिती स्पष्ट सांगणारी क्रियापदव्यवस्था हाताशी असताना ही वेळ यायला नको. ‘जतन करा’, ‘जतन होत आहे’, ‘जतन झाले’, ‘जतन झाले नाही’ ही चार रूपे चार निशाणांसारखी वेगळी आहेत. ‘जतन’ एवढाच सुटा शब्द लिहिणे म्हणजे ‘मोर्तब’ लिहून ‘सुद’ गाळणे.

शेवटी त्याच पट्टीतल्या एका आकड्याविषयी. पट्टी अक्षरांची संख्या दाखवते, आणि ती आपल्या मोजणीशी जुळत नाही. ओवी-अभंग शिकलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या दृष्टीने ‘स्त्री’ हे एक अक्षर आहे. युनिकोडमध्ये त्याचे सहा घटक होतात: स, हलन्ताची खूण, त, पुन्हा हलन्ताची खूण, र आणि दीर्घ वेलांटी. तीन अक्षरी ‘डिचोली’चे सहा, तीन अक्षरी ‘पेडणे’चे पाच, चार अक्षरी ‘मुरगाव’चे सहा. हे घटक मोजून त्यांना ‘अक्षरे’ म्हणणाऱ्या पट्ट्या आहेत. भ्रमणध्वनीवरच्या एका संदेशात इंग्रजी मजकुराला 160 घटकांची जागा असते, देवनागरीला 70 ची. जेथे अर्जाच्या चौकटीला मर्यादा घालून अशाच घटकांची मोजणी होते, तेथे आपले नाव, गाव आणि गाऱ्हाणे मराठीत लिहिणाऱ्याची जागा इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या आधी संपते, आणि पडद्यावर फक्त इतकेच येते, की अक्षरमर्यादा ओलांडली आहे.