बी, कुंडी आणि कलम : लिंबाच्या घरगुती लागवडीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

लिंबाची बी कुंडीत रुजवून झाड वाढविणे हा शहरी घरांतील परिचित उपक्रम आहे. उद्यानविद्येच्या अध्यापनात मात्र बीपासूनची अभिवृद्धी ही बहुधा कलमापूर्वीची, मागे पडलेली पद्धत म्हणून सांगितली जाते. बीकडून कलमाकडे झालेली वाटचाल म्हणजे प्रगती, अशी ही सरळ रेषेतील मांडणी आहे. प्रस्तुत लेखात या मांडणीची चिकित्सा केली असून, लिंबूवर्गीय झाडांच्या इतिहासात बी आणि कलम या दोन्ही पद्धती एकमेकींवर अवलंबून राहिल्या आहेत, असे प्रतिपादन केले आहे.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. मराठीत ‘लिंबू’ म्हणजे प्रामुख्याने पातळ सालीचे कागदी लिंबू. पाश्चात्त्य ग्रंथांतील ‘लेमन’ हे त्याहून निराळे फळ होय. अलीकडील जनुकीय अभ्यासानुसार ही दोन्ही फळे संकरज आहेत. लेमन हे कडू संत्रे आणि महाळुंग यांच्या संकरातून, तर कागदी लिंबू हे आग्नेय आशियातील एक रानटी जात आणि महाळुंग यांच्या संकरातून निर्माण झाले. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हाती असलेले महाळुंग हे अशा रीतीने दोन्ही फळांचे समान पूर्वज ठरते.

बियांचा प्रवास

ही फळे अरबांच्या व्यापारमार्गांनी भूमध्य सागराच्या परिसरात पोहोचली. सेव्हिल येथील इब्न अल्-अव्वाम याच्या बाराव्या शतकातील कृषिग्रंथात लिंबूवर्गीय झाडांच्या लागवडीचा विचार आढळतो. पुढे १४९३ मध्ये कोलंबसाने आपल्या दुसऱ्या सफरीत कॅनरी बेटांपैकी गोमेरा येथून संत्रे, लेमन आणि महाळुंग यांच्या बिया हिस्पॅनिओला बेटावर नेल्याची नोंद लास कासास याने केली आहे. नव्या जगातील लिंबूवर्गीय बागांचा आरंभ असा बियांपासून झाला. त्या काळात जिवंत कलमे समुद्रापार नेण्यापेक्षा बिया नेणे कितीतरी सुलभ होते.

परंतु केवळ सुलभता हे बियांच्या यशाचे पुरेसे कारण नाही. आंब्याच्या अनेक जातींप्रमाणे बीपासून आलेले झाड मातृवृक्षापेक्षा भिन्न निघाले असते, तर फळाचे गुण वाटेतच हरवले असते. लिंबाबाबत तसे सहसा घडत नाही. याचे कारण बहुभ्रूणतेत आहे. संत्र्याच्या एका बीमध्ये एकाहून अधिक भ्रूण असतात, हे लेव्हेनहूक याने १७१९ मध्ये नोंदविले. हे अतिरिक्त भ्रूण फलनातून नव्हे, तर बीजांडातील मातृपेशींपासून तयार होतात, हे स्ट्रासबुर्गर याने १८७८ मध्ये स्पष्ट केले. अशा भ्रूणापासून वाढलेले रोप आनुवंशिकदृष्ट्या मातृवृक्षाचीच प्रतिकृती असते. कागदी लिंबात हा गुणधर्म ठळकपणे आढळतो. म्हणजेच गुणसातत्य राखण्याचे जे कार्य माळी कलमाद्वारे करतो, ते येथे बीच बहुतांशी पार पाडते.

राजवाड्यातील पेटी आणि अंगणातील कुंडी

कुंडीचा इतिहास मात्र वेगळ्या मार्गाने गेला. युरोपातील थंडीमुळे ही झाडे हलविता येतील अशा पात्रांत वाढविणे भाग पडले. व्हर्साय येथे १६८४ ते १६८६ या काळात आर्दुएँ-मॉन्सार याने उभारलेली ऑरेंजरी हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. येथील झाडे लाकडी पेट्यांत असत आणि हिवाळ्यात ती आत हलविली जात. इटली, स्पेन व पोर्तुगाल येथून वाढलेली झाडे आणवून हा संग्रह सिद्ध करण्यात आला. बी रुजवून वर्षानुवर्षे वाट पाहणे हा राजदरबाराचा मार्ग नव्हता.

चीनमध्येही कुंडीतील लिंबूवर्गीय झाडे शोभेसाठी ठेवली जात. फ्रँक मेयर या अमेरिकी वनस्पतिसंग्राहकाने १९०८ मध्ये बीजिंगजवळून असे एक झाड अमेरिकेत पाठविले. ‘मेयर लेमन’ या नावाने ते घरोघरी लोकप्रिय झाले. त्याची वाढ शाखीय पद्धतीने होत गेली आणि येथेच या पद्धतीची एक गंभीर मर्यादा उघड झाली.

कलमाची मर्यादा

१९३० च्या दशकापासून दक्षिण अमेरिकेत कडू संत्र्याच्या खुंटावरील लक्षावधी झाडे ‘ट्रिस्टेझा’ या विषाणुजन्य रोगाने मृत झाली. ट्रिस्टेझा म्हणजे विषण्णता. हा विषाणू माव्याद्वारे पसरतो, तसाच डोळा भरतानाही एका झाडातून दुसऱ्यात जातो. मेयर लेमनची बहुसंख्य झाडे बाह्यतः निरोगी दिसूनही या विषाणूची वाहक असल्याचे पुढे आढळले. परिणामी ती मोठ्या प्रमाणावर नष्ट करण्यात आली आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने विषाणुमुक्त सुधारित मेयर प्रसृत केले.

येथे बीचे महत्त्व पुन्हा प्रस्थापित होते. ट्रिस्टेझाचा विषाणू बीमधून संक्रमित होत नाही. त्यामुळे मातृपेशीय रोपांपासून जुन्या वाणांच्या निरोगी वंशावळी नव्याने तयार करता आल्या. रिव्हरसाइड येथील संशोधन केंद्रात एच. बी. फ्रॉस्ट यांनी या दिशेने केलेले कार्य पायाभूत मानले जाते. या नव्या वंशावळींची पुढील वाढ अर्थातच कलमांनी झाली.

महाराष्ट्राचा संदर्भ

महाराष्ट्रात कागदी लिंबाची लागवड आजही मुख्यत्वे बीपासूनच्या रोपांनी होते. परभणी येथील कृषी विद्यापीठाने निवडलेले ‘विक्रम’ व ‘प्रमालिनी’ आणि राहुरी येथील ‘साई सरबती’ हे वाण कागदी लिंबाचेच होत. नागपुरी संत्र्याची कलमे जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधली जातात आणि हे खुंट बीपासूनच तयार होतात. विदर्भातील संत्र्याच्या कलमाचे मूळ अशा रीतीने बीतूनच फुटलेले असते.

तथापि, बीचे गौरवीकरणही योग्य नव्हे. रोपाला दीर्घ बाल्यावस्था असते, काटे अधिक असतात आणि जमिनीतही फळासाठी साधारणतः चार ते सहा वर्षे थांबावे लागते. कुंडीत मुळांना मर्यादित जागा मिळत असल्याने हा काळ लांबू शकतो. लिंबाची बी सुकल्यास तिची उगवणक्षमता घटते, म्हणून ती ताजीच पेरावी लागते. शिवाय बीपासूनचे रोप रोगमुक्त जन्मले, तरी नंतर माव्यामुळे बाधित होऊ शकते. कागदी लिंबू तर ट्रिस्टेझाला इतके संवेदनशील आहे की, प्रयोगशाळांतून ते या रोगाचे निदर्शक झाड म्हणून वापरले जाते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, फळ लवकर मिळावे यासाठी कलम आणि वाण निरोगी राहावा यासाठी बी, अशी ही परस्परपूरक व्यवस्था आहे. एका पद्धतीने दुसरीला कालबाह्य ठरविले, हे विधान लिंबूवर्गीय झाडांच्या बाबतीत टिकत नाही. महाविद्यालयीन अध्यापनासाठी याचा एक साधा उपयोग आहे. कुंडीत पेरलेल्या एका बीमधून दोन अंकुर वर आले, तर वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला बहुभ्रूणता प्रत्यक्ष दिसते आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला कोलंबसाच्या जहाजावरील बियांचे मोल कळते. ज्ञानशाखांच्या सीमा ओलांडणारे इतके अल्पखर्चिक साधन क्वचितच उपलब्ध असेल.