ज्या शोकाला सुतक नाही

आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या कुटुंबांतील नातवंडे आज बहुधा इंग्रजी कादंबऱ्या वाचतात. त्यांतील एक प्रकार वडीलधाऱ्यांना विशेष खटकतो. सोळा-सतरा वर्षांची मुले प्रेमात पडतात, त्यांतील एक जण आजाराने वा अपघाताने जातो, आणि मागे राहिलेल्याने जगायचे कसे, हा उरलेल्या पुस्तकाचा विषय असतो. ‘कोवळ्या वयात हे मरणाचे वेड कशाला?’ असा प्रश्न घरोघर विचारला जातो. हे परक्यांचे खूळ आहे, आपल्या साहित्यात असे काही नव्हते, अशीही समजूत दिसते. या समजुतीचा थोडा विचार करावा, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

या प्रकाराला अमेरिकेत जे ‘यंग अॅडल्ट’ हे नाव पडले, ते फार जुने नाही. तेथील ग्रंथपालांच्या संघटनेने या वयाच्या वाचकांसाठी १९५७ मध्ये स्वतंत्र विभाग काढला. १९६७ मध्ये एस. ई. हिंटन या तरुण लेखिकेची ‘द आउटसायडर्स’ आली आणि या वर्गाचा वाचक प्रकाशकांच्या नजरेत भरला. जॉन ग्रीन यांच्या २०१२ मधील ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ने तर प्रेम आणि शोक यांची सांगड जगभर लोकप्रिय केली. लेखक होण्यापूर्वी ग्रीन यांनी मुलांच्या रुग्णालयात धर्मोपदेशकाचे काम काही काळ केले होते. या कादंबरीवरून २०१४ मध्ये इंग्रजी आणि २०२० मध्ये ‘दिल बेचारा’ हा हिंदी चित्रपट निघाला. हा झाला नावाचा इतिहास. विषयाचा इतिहास पाहू गेल्यास मात्र आपणांस आपल्याच घरात यावे लागते.

मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो, ती ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ मध्ये बेळगावचा; म्हणजे मराठी कादंबरीचे हे आद्यपीठ सीमाभागाशी जोडलेले आहे. १८५४ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्या मताचा ठसा पुस्तकावर उघड आहे. हिंदू विधवांच्या पुनर्विवाहास मान्यता देणारा कायदा १८५६ चा. कादंबरी त्यानंतरच्या वर्षाची. नवऱ्याबरोबर प्रवास करणारी यमुना ठिकठिकाणी विधवांची दैना पाहते, आणि पुढे तिच्यावरच तो प्रसंग येतो. शेवटी ती पुनर्विवाह करते. कलाकृती म्हणून या पुस्तकाचे मोल कमीअधिक ठरवता येईल. पण शोकानंतर पुन्हा संसार मांडण्याचा अधिकार तरुण स्त्रीला आहे की नाही, हा प्रश्न घेऊनच आपली कादंबरी जन्मली, ही गोष्ट विसरता येत नाही.

आमची हयात सरकारी तक्ते तपासण्यात गेली, म्हणून एक गोष्ट येथे सांगाविशी वाटते. १८८१ पासूनच्या खानेसुमारीच्या अहवालांत विवाहित, अविवाहित आणि विधवा अशी वयोगटवार वर्गवारी आढळते. त्यांत अगदी लहान वयाच्या मुलींपुढेही ‘विधवा’ हा रकाना रिकामा नाही. रकान्यात आकडा बसतो. त्या मुलीला काय वाटले, हे नोंदवण्याची सोय कोणत्याही तक्त्यात नसते. ती सोय हरिभाऊ आपट्यांनी केली. १८९० ते १८९३ या काळात त्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ‘पण लक्षांत कोण घेतो!’ वाचकांपुढे आली. यमूची हकीकत तिच्याच तोंडून सांगितलेली आहे, हे हरिभाऊंचे मोठे धाडस होय.

या कादंबरीतील क्रम नीट पाहावा. आजच्या इंग्रजी कादंबरीत आधी प्रेम जुळते, मग वियोग येतो. यमूच्या काळी लग्न आधी लागे. प्रेम उगवलेच, तर ते लग्न आणि मरण यांच्या मधल्या फटीत. नवऱ्यासह मुंबईत काढलेले यमूचे सुखाचे दिवस ही ती फट होय, आणि म्हणूनच पुढचे वैधव्य वाचकाला सोसवत नाही. तिचे केशवपन होते, ते तिच्या इच्छेविरुद्ध. शोक तिचा, पण त्याचे रूप ठरवणारे दुसरेच. धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या बालविधवेशी विवाह केला, तो १८९३ मध्येच. कादंबरी आणि जीवन तेव्हा हातात हात घालून चालत होते. आमच्या बडोद्याच्या वाचकांना ठाऊकच असेल की सयाजीरावांच्या राज्यात बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदा १९०४ मध्ये झाला.

येथे आम्ही आमचा मुख्य मुद्दा मांडतो. मृत्यूला सामोरे जाण्यासाठी आपल्या समाजाने विधी घालून दिले. दहा दिवसांचे सुतक, दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध. माणसे येतात, बसतात. काही बोलायचे नसले तरी शेजारून पिठले-भात येतो. शोकाला आरंभ असतो आणि शेवटही. विधवेच्या वाट्याला मात्र हा शेवट आला नाही. तिचे सुतक आयुष्यभर चालू राहिले. याच्या अगदी उलट स्थिती अशा माणसाची, ज्याचे मृताशी नातेच नव्हते, फक्त प्रेम होते. त्याला एका दिवसाचेही सुतक नाही. त्याच्या दारी कोणी येत नाही, कारण त्याचे काही गेले हेच कोणाला ठाऊक नसते. या दोन्ही शोकांना, एकाला विधींनी कोंडलेल्या आणि दुसऱ्याला विधींनी वगळलेल्या, मराठी कादंबरीने जागा दिली, असे आम्हांस वाटते.

दुसऱ्या शोकाचे पहिले ठळक उदाहरण म्हणजे विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’, १९३९ ची. युरोपातून परतणारा चक्रधर आणि नाझींच्या छळाने परागंदा झालेली ज्यू तरुणी हेर्टा यांची गाठ बोटीवर पडते. ओळख थोड्या दिवसांची. तो मुंबईला उतरतो. तिला पुढेच जावे लागते, आणि शेवटी ती समुद्रात जीव देते. चक्रधर तिचा कोण? धर्माने, जातीने, देशाने कोणीही नाही. घरी कोणी विचारलेच, तर तो काय सांगणार? ही एवढीशी कादंबरी वाचून मिटताना जो जडपणा येतो, त्याचे कारण या प्रश्नात आहे.

वि. स. खांडेकरांची ‘अमृतवेल’ १९६७ मध्ये आली. आमच्या पिढीतील अनेकांनी ती कॉलेजच्या दिवसांत वाचली असेल. नंदाचा वाग्दत्त वर शेखर विमान-अपघातात जातो. लग्न झालेले नाही, म्हणून ती विधवा नाही. आणि तरी तिचे सर्वस्व गेलेले आहे. समाजाच्या कोशात या अवस्थेला शब्दच नाही. खांडेकर तिला दुसऱ्या एका दुःखी संसारात नेतात, आणि परक्याच्या वेदनेकडे पाहता पाहता ती स्वतःच्या वेदनेतून बाहेर पडू लागते. भाषा अलंकारांनी जड आहे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु इंग्रजी कादंबऱ्यांतून आज नातवंडे जे शोधतात, नेमके तेच येथे आहे.

मधल्या १९६३ मध्ये भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ येऊन गेली होती. पुण्यात शिकणाऱ्या पांडुरंग सांगवीकरची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. हे प्रियकराचे प्रेम नव्हे, भावाचे आहे. पण कोवळ्या वयातील शोकाचे इतके उघडे, रागाने आणि वेडावाकडेपणाने भरलेले चित्र त्यापूर्वी मराठीत क्वचितच आले असेल. भारतातून देवी रोगाचे उच्चाटन १९७५ मध्ये झाले. रोग गेला, ती पाने मात्र जुनी झाली नाहीत. मिलिंद बोकिलांच्या २००४ मधील ‘शाळा’त तर कोणी मरतही नाही. आणीबाणीच्या काळातील नववीतला मुकुंद जोशी शिरोडकरवर जीव लावतो, आणि ती गाव सोडून जाते. मोठ्यांच्या हिशेबी ही बदलीची किरकोळ बाब. चौदा वर्षांच्या मुलाच्या हिशेबी जग संपल्याची. लेखकाने मुलाचा हिशेब खरा मानला, हेच त्या पुस्तकाचे यश.

तेव्हा ‘मरणाचे वेड कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल की तरुणांना मरण नवे असते. आजोबा गेल्यावर घरात सर्वांना विधी असतो. वर्गातील मैत्रीण गेली, तर त्या मुलाला दुसऱ्या दिवशी परीक्षेस बसावे लागते. कोणाजवळ बोलावे हे त्याला कळत नाही, आणि तो पुस्तक उघडतो. ते पुस्तक इंग्रजीच का, एवढाच प्रश्न खरोखर आपला आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या जुन्या वाचनालयांत वर नावे आलेली बहुतेक पुस्तके आजही मिळावीत. नातवंडांच्या हातातले पुस्तक काढून घेऊ नये. त्याच्या शेजारी ‘रणांगण’ ठेवावे. मराठी अक्षर वाचणे जड जात असेल, तर संध्याकाळी दोन दोन पाने मोठ्याने वाचून दाखवावी. हे काम आपल्या वयाच्या माणसांनाच साधण्यासारखे आहे. आपल्यापाशी वेळ आहे, आणि ज्याचे सुतक कधी पाळले नाही असे एखादे दुःखही आपल्यापैकी बहुतेकांपाशी आहे.