सक्तीची भरती आणि बंद दरवाजा

1640 च्या दशकात स्कॉटलंडच्या गावांवर फौजेसाठी माणसे पुरविण्याची सक्ती होती. तिथले लोक गाऱ्हाणे करीत, आमची माणसे नेऊ नका.

आपले गाऱ्हाणे उलटे होते. पलटण वा साहेबाची स्वारी गावावरून गेली की सामान वाहायला महार हवाच, ती वेठ सक्तीची. पण 1892 नंतर त्याच महाराला शिपाई होण्याची बंदी. 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगावला पडलेल्या महारांची नावे स्तंभावर कोरणारे सरकार हेच! मागाहून त्याला 'लढाऊ जाती' आठवल्या.

पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी 1894 मध्ये याविरुद्ध अर्ज लिहिला. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळ्यांनी फौज व पोलीस दोन्ही मागितले. आजचा विद्यार्थी विचारतो, परक्या सरकारपुढे ही आर्जवे कशाला? प्रश्न रास्त आहे. परंतु पलटणीत रोख पगार होता, पेन्शन होती, आणि मुख्य म्हणजे शाळा होती. सुभेदार रामजी सकपाळ अशाच शाळेत शिक्षक होते. गावात काय होते? वेठ आणि शिळा तुकडा. अर्जाची भाषा नम्र आहे, मागणी मात्र वेठीतून सुटण्याची आहे.

युद्धात माणसे कमी पडली तेव्हा 1917 मध्ये '111 महार' पलटण उभी राहिली; गरज सरताच 1921 मध्ये मोडली. पुन्हा युद्ध आले आणि 1941 मध्ये महार रेजिमेंट निघाली. तिची पहिली बटालियन बेळगावला, दुसरी कामठीला. भंडाऱ्याच्या माणसाला कामठी म्हणजे दोन दिवसांची पायवाट.