वेड पांघरून पेडगावला

डब्यातले लाडू कुणी संपवले असं पोराला विचारलं, आणि ते भोळं तोंड करून बघायला लागलं, की आपण म्हणतो, "वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस!" सगळं माहीत असून काहीच माहीत नसल्याचं सोंग करणं, हा त्याचा अर्थ.

पण पेडगावच का? हे गाव आपल्या शेजारचंच. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकाजवळून आलेली भीमा दौंडवरून खाली जाते. तिच्या पलीकडच्या काठावर, श्रीगोंदा तालुक्यात, पेडगाव आहे. तिथला किल्ला म्हणजे बहादूरगड. १६८९ मध्ये कैद केलेल्या संभाजीमहाराजांना इथेच आणलं होतं.

म्हण मात्र त्याआधीच्या एका प्रसंगाशी जोडतात. दख्खनचा मोगल सुभेदार बहादूरखान याची छावणी पेडगावला होती. ६ जून १६७४ ला शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक झाला. पुढच्याच महिन्यात मराठ्यांचे २,००० स्वार छावणीच्या रोखाने आले. खान फौज घेऊन धावला, तसे ते मागे पळू लागले. खान पाठलाग करत लांब गेला. तेवढ्यात दुसऱ्या वाटेने ७,००० मराठे आले आणि मोकळ्या पडलेल्या छावणीतून सुमारे एक कोटीचा ऐवज आणि २०० घोडे घेऊन गेले. वेड आणि पेड यांचं यमकही जुळलं, म्हणून म्हण तोंडात बसली असावी.

यातला 'पांघरून' हा शब्द आम्हाला मोलाचा वाटतो. पांघरूण काम झालं की काढायचं असतं. त्या स्वारांनी पळण्याचं सोंग घेतलं, ते काम होईपर्यंतच.

आपलं मात्र उलटं होतं. घरात वाद नको म्हणून आपण म्हणतो, "मला काय कळतंय!" तीच सवय बचतगटात येते. व्याजाचा हिशोब चुकलेला दिसतो, तरी गप्प बसतो. ठराव न वाचता सही करतो. हळूहळू लोकांना वाटतं, हिला खरंच कळत नाही. पुढे आपल्यालाही तसंच वाटायला लागतं.

वेळप्रसंगी वेड पांघरायला हरकत नाही. पण गटाची वही उघडली की ते पांघरूण घडी करून बाजूला ठेवू या. येत्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या नावापुढची रक्कम स्वतः मोठ्याने वाचायची, मगच सही करायची. एवढं ठरवू या.